मटन स्ट्रीटवरचा सूर्यहोका

मुंबईच्या चोर बाजारात शुक्रवारी जाऊ नये, असे माहीतगार सांगतात. आणि शुक्रवारीच जावे, असे त्यांच्याहून अधिक माहीतगार सांगतात. दोघांचेही खरे आहे. शुक्रवारी मटन स्ट्रीटवरची दुकाने बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. मी मात्र बुधवारी गेलो. मला खरेदी करायची नव्हती. एका वस्तूचे नाव विचारायचे होते.

ती वस्तू होती आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंची. त्यांचे यजमान वायुसेनेत नॅव्हिगेटर होते. लोहगावला १९५१ साली ज्या सहाव्या स्क्वाड्रनला लिबरेटर विमाने मिळाली, तिच्यात त्यांची पुढे बरीच वर्षे गेली. विमानातून समुद्रावर पहारा करायचा, हे त्या स्क्वाड्रनचे काम. निवृत्तीनंतर १९७४ साली काका एकदा मुंबईला गेले आणि चोर बाजारातून एक काळा डबा घेऊन आले. त्यासाठी पेन्शनमधले किती पैसे गेले, हे काकूंना आजही पाठ आहे. "आठ दिवस बोलले नव्हते मी त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "आणि त्यांनीही हे काय आहे ते सांगितले नाही." आता वाडा पाडून इमारत व्हायची आहे. कॅनडातल्या मुलाने फोनवर सांगितले, भंगार काढून टाक. काकूंनी डबा माझ्या हाती दिला. मराठीच्या प्राध्यापकाला विमानातले काय कळणार, हा प्रश्न त्यांना पडला नाही. शिकलेल्या माणसाला सगळेच कळते, अशी त्या पिढीची समजूत!

डेक्कन क्वीनने उतरलो आणि महंमद अली रोडवरून आत वळलो. ग्रामोफोनचे कर्णे, सिनेमाची जुनी पोस्टरे, बेल्जियम काचेची झुंबरे, बंद पडलेली घड्याळे आणि चालू असलेली भांडणे यांतून वाट काढत एका चिंचोळ्या दुकानाशी पोहोचलो. तिथले चाचा सत्तरीचे असतील. मी डबा उघडायच्या आत त्यांनी मला फळीवरची दोन यंत्रे दाखवली.

पहिले पितळेचे, चकचकीत, 'लंडन' असा ठसा असलेले. "ये रुड़की का माल है, साहब. टूरिस्ट के लिए." पितळ जितके लखलखीत तितका संशय घ्यावा, हा त्यांचा पहिला धडा. दुसरे काळपट, ओबडधोबड. तो विमानातला सेक्स्टंट होता. बोटीवरचा खलाशी समुद्राच्या क्षितिजापासून ताऱ्याची उंची मोजतो. पण ढगांवरून रात्री उडणाऱ्याने क्षितिज कोठून आणावे? म्हणून या यंत्रात द्रवातला एक बुडबुडाच क्षितिजाचे काम करतो. बुडबुडा दिसला की समजावे, माल आकाशातला आहे. विमान हादरते, हात कापतो, म्हणून त्यातले एक घड्याळी यंत्र दोन मिनिटांत साठ वेळा मोजणी करून सरासरी काढते. गणिताच्या मास्तराला हेवा वाटावा असे काम!

मग त्यांनी काकूंचा डबा उघडला. आत एक विचित्र काळी आकृती: खाली अंशांचे कडे, त्यावर तिरकी तबकडी, वर बंदुकीच्या माशीसारखे काहीतरी. बाजूच्या पट्टीवर 'एमके टू' आणि '६ए' ने सुरू होणारा क्रमांक. ब्रिटिश हवाई खात्याच्या कोठारात विमानातल्या उपकरणांचे क्रमांक असे सुरू होत. "ॲस्ट्रो कंपास," चाचा म्हणाले. "लोहे से इसको डर नहीं."

हे वाक्य मला फार आवडले. साधा होका, म्हणजे चुंबकाची सुई, इंजिनांच्या आणि लोखंडाच्या शेजारी बसून बहकते. हे यंत्र सुईवर विसंबतच नाही. ते सूर्याला नाहीतर ताऱ्याला विचारते. आपल्या जागेचे अक्षांश लावायचे, त्या ज्योतीची क्रांती लावायची (पंचांगवाल्यांची तीच क्रांती), घड्याळावरून होराकोन लावायचा आणि दोन बुडबुड्यांवर बैठक समतल करायची. मग कडे फिरवत जायचे. सूर्याची सावली पडद्यावरच्या दोन रेघांमध्ये आली की कड्यावरची उत्तर ही खरी उत्तर. 'ॲस्ट्रो कंपास' हे नाव माझ्या तोंडात बसेना. मी त्याला सूर्यहोका म्हणू लागलो.

चाचांनी भाव सांगितला. भंगारवाल्याच्या भावाच्या कितीतरी पट होता. "और सुनिए," डबा बंद करताना ते म्हणाले, "कुछ में रेडियम का रंग होता है. खुरचना मत." हेही खरेच. त्या काळात अंधारात दिसावे म्हणून अशा यंत्रांवर रेडियम लावीत. चमक काही वर्षांत विझते, रेडियम मात्र सोळाशे वर्षांनी निम्मे उरते.

काकांच्या विमानांची कथाही अशीच. १९४५ नंतर ब्रिटिशांनी कानपूरला लिबरेटर विमाने मुद्दाम नासवून टाकून दिली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती दुरुस्त करून बंगळूरला उडवत नेली आणि १९६८ पर्यंत वायुसेनेने ती वापरली. दुसऱ्यांचे भंगार आम्हांला वीस वर्षे पुरले! त्या विमानांच्या नाकावर काचेचा एक घुमट असे. नॅव्हिगेटर असला होका तिथे बसवून आकाश पाही.

पुण्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना गच्चीवर खुर्ची दिली. साडेअठरा अंश अक्षांश लावले. क्रांती आणि होराकोन आदल्या रात्रीच काढून ठेवले होते. कडे फिरवले आणि सावली दोन रेघांत येऊन बसली. काकू बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिल्या.

"रात्री सूर्य नसतो. तेव्हा?"

"तेव्हा तारा धरायचा. आता संध्याकाळी पश्चिमेला अभिजित असतो."

मी भाव सांगितला. त्यांनी तो ऐकला की नाही, कळले नाही. "म्हणजे रात्रभर हे बघत बसत तर," त्या म्हणाल्या, आणि मग, "तुम्ही आज संध्याकाळी मोकळे आहात का? त्या अभिजितासाठी काय काय लावायचे ते कागदावर लिहून आणा. मोठ्या अक्षरांत."