जीन्सची कंबर आणि परकराची नाडी

गेल्या उन्हाळ्यात जळकोटच्या माझ्या दवाखान्यात मायलेकी आल्या. लेक रोज एसटीने उदगीरला कॉलेजला जाणारी. उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येत, आग होई. तिला मणक्याची भीती. आईचं निदान तयारच होतं, "मॅडम, ह्या पँटीचंच हाय समदं. सांगा बरं हिला."

आईचं निम्मं खरं होतं. लो-राईज जीन्सचा पट्टा कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळ बसतो. तिथूनच मांडीच्या त्वचेला संवेदना देणारी नस खाली उतरते. ती दाबली गेली की मुंग्या, बधिरपणा, जळजळ होते. याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. यात पायाची ताकद कमी होत नाही. ती कमी वाटली, तर मात्र लगेच तपासून घ्या. वाढलेलं वजन, गरोदरपण आणि मधुमेह यांमुळेही हा त्रास होऊ शकतो.

मग हाय-राईज घ्यावी का? ती बेंबीपर्यंत किंवा वर येते, पोट सपाट आणि पाय लांब दिसतात. पण ताठ कापडाची घट्ट जीन्स घालून जेवून बसलात, तर पोटावर दाब येतो, आंबट पाणी घशाशी येतं. बेंबीच्या थोडी खाली बसणारी मिड-राईज बऱ्याच जणींना सोसते. दुकानात नुसतं उभं राहून आरशात पाहू नका. खाली बसा, वाका. पट्ट्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. सारखी वर ओढावी लागणारी जीन्स अंगाला शोभतही नाही.

मग मी आईला म्हटलं, "आता तुमची कंबर बघू." परकराच्या नाडीचा काळा वळ, खाज, एका जागी साल निघालेली. "तीस वर्सं झाली, त्यात काय दाखवायचं?"

मी गप्प झाले. तसाच वळ माझ्याही कमरेवर आहे, आणि मीही तो कुणाला दाखवला नव्हता.

२०२४ मध्ये वर्धा आणि मधुबनी इथल्या डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये दोन वयस्कर स्त्रियांची माहिती दिली. एकीचा परकर, दुसरीचं लुगडं, दोन्ही वर्षानुवर्षं कमरेला करकचून बांधलेली. घासल्या जागी न भरणारी जखम झाली आणि तिथेच त्वचेचा कर्करोग निघाला. असं क्वचितच होतं, पण वेळेवर दाखवलं तर उपाय सोपा असतो.

लेकीने सैल मिड-राईज घेतली, काही आठवड्यांत मुंग्या कमी झाल्या. आईने नाडीऐवजी रुंद पट्ट्याचा परकर शिवला, साल भरून आली.

आज रात्री कपडे बदलताना आपली कंबर नीट पाहा. वळ असेल तर पट्टा किंवा नाडी सैल करा, बांधायची जागा बदलत राहा. महिनाभर न भरणारी जखम असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना दाखवा. आणि हो, घरातल्या मोठ्या बायकांनाही विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत.