निकाल आधी, मालिका नंतर

दूरचित्रवाणीच्या समीक्षकाचे काम मुळातच थोडे उफराटे. नाटकाचे परीक्षण वाचून माणूस तिकीट काढायचे की नाही ते ठरवतो. पुस्तकाचे परीक्षण वाचून ते विकत घ्यायचे की वाचनालयात नंबर लावायचा ते ठरवतो. मालिकेचा भाग मात्र आदल्या रात्री सगळ्यांनी पाहिलेला असतो. सकाळी समीक्षक चहाबरोबर हजर होतो आणि आपण काय पाहिले ते आपल्यालाच समजावून सांगतो. लग्न लागून पंगती उठल्यावर पत्रिका जुळवायला बसलेल्या भटजींसारखी त्याची अवस्था.

आमच्या लालबागेत मात्र कित्येक वर्षे याच्या नेमके उलट चालले. निकाल हाती पडायचा आणि मालिका कधी यायचीच नाही.

लालबाग म्हणजे बऱ्हाणपूरचे रेल्वे स्टेशन, ताप्ती मिल आणि त्यांच्या आधाराने वाढलेली वस्ती. जुने तटबंदीचे शहर इथून थोडे दूर, तापीच्या काठावर. १९५६ पर्यंत आमच्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि आम्ही भोपाळच्या वाट्याला आलो. तेव्हापासून घरात मराठी, शाळेत नि कचेरीत हिंदी आणि बाजारात ज्याला जी येईल ती, अशी आमची वाटणी झाली. त्याबद्दल तक्रार नाही. दोन भाषांत वाढलेल्या मुलाला दोन ताटांत जेवण मिळते. फक्त एक ताट आपोआप वाढले जाते आणि दुसरे घरच्यांना मुद्दाम मांडावे लागते.

मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या दशकाच्या अखेरीस दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ मुंबई-पुण्याच्या घराघरांत पोचले होते. आमच्या छपरांवर तेव्हा अँटेनाच नव्हती. पुढे ती आली, तीही दिल्लीचा कार्यक्रम धरणारी. १९८४ मधले ‘हम लोग’, १९८६ मधले ‘बुनियाद’ आणि ‘नुक्कड’ आम्ही मनापासून पाहिले. पण मुंबई केंद्राची मराठी संध्याकाळ आमच्या पडद्यावर उतरत नसे. कुणी हौशीने अँटेना फिरवलीच, तर मुंग्या दिसत.

मुंबईचे मराठी दैनिक मात्र भुसावळमार्गे गाडीने यायचे, शिळे का होईना. त्याच्या पुरवणीत छोट्या पडद्यावरचे सदर असे. ते आमच्या घरी आधी वडील वाचत, मग आई, मग आम्ही. कोणत्या मालिकेचे कथानक तिसऱ्या भागात ढिले पडले, कोणत्या नटाची विनोदाची वेळ चुकते, कोणत्या नेपथ्यात चाळीतल्या खोलीला बंगल्याचे पडदे लावले होते, हे सारे आम्हाला ठाऊक. जळगावची मावशी दिवाळीला आली की आई तिच्याशी त्या मालिकेवर तावातावाने वाद घालायची. मावशीने मालिका पाहिलेली असे, आईने निकाल वाचलेला असे. बहुतेक वेळा आईच जिंकायची.

या सक्तीच्या वाचनातून समीक्षक कसा ओळखावा हे आम्ही शिकलो. नुसते ‘रटाळ’, ‘हृद्य’, ‘खुमासदार’ असे शिक्के मारणारा आमच्या काही कामाचा नव्हता. ज्याने मालिका पाहिली आहे त्याला विशेषण पुरते. ज्याने पाहिली नाही त्याला कारण लागते. प्रसंग काय होता, नटीने ओळ कशी टाकली, कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबला, हे सांगून मग मत देणारा समीक्षक आम्हाला मालिका दाखवायचा. त्याचे मत पटले नाही तरी आमचे वेगळे मत बनवायला पुरेसा ऐवज त्याच्याच लेखात मिळायचा. इंग्रजीत अमिता मलिक आणि हिंदीत ‘जनसत्ता’तून लिहिणारे सुधीश पचौरी यांचे लेखन हाती आले, तेव्हा कळले की चांगला समीक्षक तिन्ही भाषांत एकाच गोष्टीने ओळखू येतो: तो पडद्याकडे बोट दाखवून बोलतो.

निकाल आणि लोक यांची सर्वांत मोठी फारकत रामानंद सागरांच्या ‘रामायणा’च्या वेळी दिसली. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. संचाला हार घातला जाई, चपला बाहेर निघत. त्याच काळात इंग्रजी वर्तमानपत्रांतले अनेक समीक्षक भडक मुकुट, संथ गती आणि हवेत टक्कर देणारे बाण यांची टर उडवत होते. तेव्हा आम्हाला त्यांचा राग यायचा. मग २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत दूरदर्शनने तीच मालिका पुन्हा दाखवायला घेतली. या खेपेला घरातल्या मुलांनी बाणांना मनसोक्त हसून घेतले आणि तरीही रोज वेळेवर येऊन बसली. समीक्षकांनी मुकुट आणि बाण यांच्याबद्दल लिहिले होते ते खोटे नव्हते. पण एका वेळी अख्खे घर एका जागी बसते, याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नव्हता. पुन्हा आलेल्या मालिकेचे परीक्षण करताना हा रकाना सोडून चालत नाही. ती निम्मी मालिका असते आणि निम्मी पाहणाऱ्याची आठवण.

आमच्याकडे मराठी मालिका खऱ्या अर्थाने आली ती उपग्रह वाहिन्यांमुळे. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ सुरू झाली, २००० मध्ये ‘ईटीव्ही मराठी’. वाहिनी आकाशात आली म्हणजे लालबागेत आली असे नव्हे. केबलवाल्याचा प्रश्न सरळ होता: गिऱ्हाईक किती? गल्लोगल्ली फिरून सह्या गोळा केल्या तेव्हा कुठे एक जागा मिळाली. मग ‘आभाळमाया’मधली सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी आम्ही पाहिली. जिच्याविषयी आधी वाचले होते, ती आता समोर बोलत होती. पहिल्यांदाच आम्ही समीक्षकाशी बरोबरीने भांडू शकलो.

मालिका रोजच्या झाल्या तशी समीक्षकाची पंचाईत झाली. चार भाग पाहून लिहावे, तर पुढे चारशे भागांत कथा कुठल्या कुठे जाते. २००१ मध्ये सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून अधिक भाग झाले. अशा मालिकेवर निकाल द्यायचा तरी कोणत्या मुहूर्तावर? लांबण, तेच कारस्थान, तीच सून, हे आक्षेप रास्तच होते. आई ते वाचून मान डोलवायची आणि रात्री पुन्हा संचासमोर बसायची.

तिचे कारण मला एका दुपारी कळले. हिंदी माध्यमात शिकणारी माझी पुतणी एरवी पाणीसुद्धा हिंदीत मागायची. खाऊवरून भावाशी भांडण झाले, तेव्हा कमरेवर हात ठेवून ती आजीला म्हणाली, “या घरात माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?” संवाद घासून गुळगुळीत झालेला, आवेश उसना. पण वाक्य स्वच्छ मराठी. आईने तिला रागावण्याऐवजी खाऊचा मोठा वाटा दिला. समीक्षक ज्याला ठोकळेबाज संवाद म्हणत होता, तो आमच्या घरात मराठीचा रोजचा अर्धा तास होता.

याचा अर्थ वाईट मालिकेला मराठी म्हणून माफी द्यावी असा नाही. उलट आमच्यासारख्यांनी जास्त काटेकोर असायला हवे, कारण मुलांच्या तोंडी येणारे शब्द तिथून येतात. आणि एक निकाल मी वर्षानुवर्षे शोधतो आहे. मालिकेतला मालक पुणेरी बोलतो आणि गडी किंवा स्वयंपाकीण वऱ्हाडी नाहीतर खानदेशी. त्या बोलीवर हशा ठरलेला. लालबागेतल्या मराठी घरांची बोली या दोहोंच्या जवळची, वर निमाडी-हिंदीचा हात फिरलेली. मुलगी मालिका पाहून मराठी शिकते आणि त्याच मालिकेकडून आपल्या आजीचे बोलणे हसण्यासारखे आहे हेही शिकते. अभिनय, वेशभूषा, शीर्षकगीत यांवर गुण देणाऱ्या सदरांत या गोष्टीसाठी वजा गुण दिलेले मी क्वचितच पाहिले.

समीक्षकांची जागा आता बरीचशी आकड्यांनी घेतली आहे. २०१५ पासून ‘बार्क’ ही संस्था प्रेक्षकसंख्येचे साप्ताहिक आकडे देते आणि त्यांवर मालिकांचे जगणे-मरणे ठरते. मराठी वाहिन्यांची क्रमवारी लागते ती महाराष्ट्र आणि गोवा या बाजारपेठेवर. म्हणजे बऱ्हाणपूर, इंदूर, बेळगाव, बिदर किंवा बडोद्याचे मराठी घर रोज रात्री मराठी मालिका पाहत असले, तरी त्या क्रमवारीत त्याची गणती नाही. ज्यांची गणती नाही, त्यांच्या बोलीची भीड कोण ठेवणार? वर्तमानपत्रातला समीक्षक निदान छापून आमच्यापर्यंत येत होता. आता त्याच जागेवर पुढच्या आठवड्यात कोणाचे लग्न मोडणार याचे भाकीत असते.

२०२५ च्या जुलैत दोन जुन्या गोष्टी परतल्या. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २००० ते २००८ चालून नव्या रूपात आली. मराठीत ‘चला हवा येऊ द्या’ नव्या सूत्रसंचालकासह आले. पहिल्याच भागावर निकाल लागले, म्हणजे फोडणीच्या वासावरून जेवणाचा निकाल. लालबागेच्या पद्धतीने मी थांबून दोनच प्रश्न विचारतो. पहिला, परत येताना ही मालिका नवे काही घेऊन आली की नुसती आठवण विकायला आली? दुसरा, हिच्यात कोणाच्या बोलण्यावर कोणाला हसवले जाते?

उत्तरे मिळाली की ती घरातच ठेवू नयेत. सदर अजून चालवणाऱ्या समीक्षकाला आणि वाहिनीला पत्र लिहावे: प्रसंग सांगून, ओळ सांगून, मग मत. ज्या समीक्षकांनी आम्हाला न पाहिलेल्या मालिका दाखवल्या, त्यांनी शिकवलेली पद्धत हीच. आणि सहीखाली पत्ता पूर्ण लिहावा: लालबाग, बऱ्हाणपूर, मध्य प्रदेश.