वेमोर्कचे जड पाणी

नॉर्वेतील ऱ्युकन हे गाव इतक्या खोल दरीत वसले आहे की, वर्षातील सुमारे सहा महिने तेथे सूर्यकिरण उतरत नाहीत. २०१३ साली डोंगरावर मोठे आरसे बसविण्यात आले. आता त्यांचा कवडसा गावच्या चौकात पडतो. त्या उसन्या उन्हात क्षणभर उभे राहून आम्ही वेमोर्कच्या जुन्या वीजगृहाची वाट धरली.

दरीवरील झुलता पूल ओलांडताना खाली पाहण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. १९११ साली सुरू झालेले हे वीजगृह त्या काळी जगात सर्वांत मोठे होते. आज तेथे संग्रहालय आहे. विजेने पाण्याचे विघटन करून खतासाठी हायड्रोजन काढीत. त्यातूनच १९३४ पासून जड पाणीही मिळू लागले. १९४० मध्ये जर्मनांनी देश व्यापला, आणि युरेनियमच्या प्रयोगांसाठी त्यांना नेमके हेच पाणी हवे होते.

२७ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री नऊ नॉर्वेजियन तरुण आले. पुलावर पहारा असल्याने ते दरीत उतरले व समोरचा कडा चढून गेले. तळघरात योआकिम रोनेबर्ग सुरुंगाची वात पेटविणार, तोच तेथील वृद्ध पहारेकरी म्हणाला, माझा चष्मा सापडत नाही, युद्धकाळात दुसरा मिळावयाचा नाही. त्यांनी तो शोधून दिला, मग वात पेटविली! सुमारे ५०० किलो जड पाणी वाहून गेले; एकही गोळी झाडावी लागली नाही.

कथा येथेच संपती तर किती बरे होते! पण कारखाना पुन्हा सुरू झाला, त्यावर विमानांतून बॉम्ब पडले, आणि अखेर उरलेला साठा जर्मनीस हलविण्याचे ठरले. तो टिन सरोवरातून आगगाडीचे डबे वाहणाऱ्या नौकेने जाणार होता. नौकेवर गावकरीही असणार, म्हणून तेथील माणसांनी लंडनला विचारले, हे खरोखर आवश्यक आहे काय? उत्तर होकारार्थी आले. क्नूट हाउकेलिड व त्याच्या सोबत्यांनी उतारू कमी असतात म्हणून रविवार निवडला. २० फेब्रुवारी १९४४ रोजी नौका बुडाली. अठरा जीव गेले, त्यांत चौदा नॉर्वेजियन होते. गुपित फुटू नये म्हणून त्यांना सावध करता आले नव्हते.

जर्मन अणुबॉम्बपासून फार दूर होते, हे युद्धानंतर कळले. पण हाउकेलिडला ते त्या रात्री कोठून कळणार? पापनिवेदन ऐकावयास बसणारे आम्ही. तरीही त्यास काय सांगितले असते, हे आम्हांस सुचले नाही.

मेल येथील धक्क्यास त्याच मार्गावरची ‘अमोनिया’ ही दुसरी नौका अजून बांधलेली आहे. तिच्या तळावरील रूळ थेट पाण्याच्या दिशेने जातात. आम्ही तेथे बराच वेळ थांबलो.