एका पेढीवाल्याचें दप्तर

मोठ्या माणसांचीं आत्मचरित्रें वाचण्यापेक्षां त्यांचीं दप्तरें चाळण्याकडे आमचा ओढा अधिक आहे. आत्मचरित्र निकाल लागल्यावर लिहिलेलें असतें. रोजनिशी लिहिणाराला उद्यां काय होणार हें ठाऊक नसतें. म्हणूनच ज्याच्या हातून मोठें कार्य फसलें, त्याची रोजनिशी आम्हांस विशेष मोलाची वाटते. चांग च्या-आव ह्या चिनी पेढीवाल्याचें खाजगी दप्तर अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथील हूव्हर संस्थेंत जतन केलेलें आहे. त्यांतील मांचुरियाच्या रोजनिशीचें इंग्रजी भाषांतर १९८९ सालीं प्रसिद्ध झालें. तें वाचतांना जो प्रश्न आमच्या मनांत घोळत राहिला, तोच येथें वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

चांग ह्यांचा जन्म १८८९ सालचा. जपानांतील केइओ विद्यापीठांत शिकून ते मायदेशीं परतले, आणि १९१६ सालीं बँक ऑफ चायनाच्या शांघाय शाखेचे दुय्यम व्यवस्थापक होते. वय अवघें सव्वीस. त्या वर्षींच्या मे महिन्यांत पेकिंगच्या सरकारनें हुकूम सोडला कीं, नोटांच्या मोबदल्यांत चांदीचें नाणें देणें बंद करावें. व्यवस्थापक सुंग हान्-चांग व चांग ह्या दोघांनीं तो हुकूम मानला नाहीं. आपणांस जागेवरून दूर करतां येऊं नये म्हणून त्यांनीं भागीदारांकडून स्वतःवरच फिर्याद करविली! बँकेच्या दारीं लोकांची झुंबड उडाली. जो आला त्याला रुपें मोजून मिळालें, आणि थोड्याच दिवसांत गर्दी ओसरली. पैसा मिळणार नाहीं ह्या भीतीनें माणूस धांवत येतो. मिळतो अशी खात्री पटली कीं निमूटपणें घरीं परततो. पत म्हणतात ती हीच.

पुढें १९२८ सालीं चांग त्या बँकेचे सरव्यवस्थापक झाले. पण १९३५ च्या वसंतांत नानकिंग सरकारनें बँकेंतील आपलें भांडवल वाढवून तिचा ताबा घेतला, व चांगना ती जागा सोडावी लागली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत चीननें चांदीचें चलन सोडलें आणि सरकारी कागदी चलन सुरू झालें. चांग रेल्वेमंत्री झाले, पुढें दळणवळणमंत्री झाले. महायुद्ध संपतांच, १९४५ च्या ऑक्टोबरांत, त्यांना चांगचुनला धाडण्यांत आलें. मांचुरियांतील कारखाने व खाणी रशियन सैन्याकडून ताब्यांत घ्यावयाच्या होत्या. रशियन लोक यंत्रसामुग्री उचलून नेत होते, आणि जें मागें राहील त्यांत निम्मी भागी मागत होते. फूशुनच्या कोळशाच्या खाणी ताब्यांत घेण्यास गेलेल्या चिनी अभियंत्याचा १९४६ च्या जानेवारींत खून झाला. अशा दिवसांत ही रोजनिशी लिहिली गेली. तींत आवेश थोडा व हिशेब फार. आणि त्या हिशेबांतूनच लिहिणाराची घालमेल जाणवते.

१९४७ च्या मार्चमध्यें चांग मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले. यादवी युद्धाचा खर्च उत्पन्नाच्या कितीतरी पुढें गेला होता आणि तूट नोटा छापून भरली जात होती. १९४८ च्या मेमध्यें त्यांनीं तें पद सोडलें. ऑगस्टांत नवें चलन निघालें, तेव्हां जुन्या तीस लक्षांना नवा एक युआन मिळाला.

आतां आमचा प्रश्न असा: सव्विसाव्या वर्षीं ज्यानें सरकारला नाहीं म्हटलें, त्याला सत्तावन्नाव्या वर्षीं तें कां साधलें नाहीं? धैर्य वयाबरोबर खचलें, असें म्हणणें सोपें आहे. पण आम्हांस तें पटत नाहीं. १९१६ मध्यें त्यांच्या पाठीशीं तळघरांतील चांदी होती, भागीदार होते, आणि पेकिंगची सत्ता जेथें पुरती चालत नव्हती असें शांघाय शहर होतें. १९४७ मध्यें ह्यांपैकीं कांहीं उरलें नव्हतें. बँकेचा धनी व बँकेचा ऋणको एकच होता. एकट्याचा बाणेदारपणा थोर खरा, पण त्याला उभें राहावयास चार हात जागा लागते. ती जागा बारा वर्षांपूर्वींच हिरावली गेली होती. तीस लक्षांस एक हा त्या दिवसाचा हिशेब होता. तो चुकता झाला सामान्य माणसाच्या गांठोड्यांतून.

चांग पुढें अमेरिकेंत गेले, अध्यापन केलें, आणि १९५८ सालीं चीनच्या चलनवाढीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या घसरगुंडीवर आपण स्वतः उभे होतों, तिची मोजदाद त्यांनीं शांतपणें केली. १९७९ सालीं ते वारले. बँकेच्या शिखरावर बसून ज्या नोटा त्यांनीं चालविल्या, त्या रद्दी झाल्या. रात्रीं एकटें बसून जे कागद लिहिले, त्यांची किंमत मात्र उतरलेली नाहीं. कोणत्याही देशांत राज्यकर्ते व पेढीवाले एकाच गादीवर बसूं लागले म्हणजे हे कागद काढून वाचावे.