शिआनची अर्ध्या दिवसाची सहल आणि करकंबचे आप्पा

चीनमधील शिआन शहराच्या अर्ध्या दिवसाच्या सहलीचा क्रम सहसा ठरलेला असतो. सकाळी तटबंदी, मग शिलालेखांचे संग्रहालय, दुपारी मुस्लिम मोहल्ल्यात जेवण आणि शेवटी रानहंसाचा मोठा पॅगोडा. एका रविवारी अशा सहलीच्या बसमध्ये पंढरपूर तालुक्यातील करकंबचे एक शेतकरी बसले होते. अंगात पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. शेजारी त्यांचा मुलगा, शिआनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारा. वडिलांना तो आप्पा म्हणे. आप्पांचा हा पहिलाच परदेश प्रवास होता आणि त्यांना शहर दाखवण्यामागे मुलाचा एक छुपा हेतूही होता.

हेतू असा. शालेय पाठ्यपुस्तकात भेटणारा युआन श्वांग हा चिनी भिक्षू (जुन्या मराठी ग्रंथांत तो ह्युएनत्संग या नावाने येतो) इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात येऊन गेला. इथली माणसे उंच, साधी, मानी आणि उपकार न विसरणारी आहेत, असे त्याने लिहून ठेवले. समाजमाध्यमांवर या ओळी सतत फिरत असतात. मुलानेही त्या घरच्या ग्रुपवर दोनदा टाकल्या होत्या. त्या ज्याने लिहिल्या त्याचे शहर वडिलांना दाखवावे, एवढीच त्याची इच्छा.

पहिला थांबा दक्षिण दरवाजा. तट बारा मीटर उंच, घेर पावणेचौदा किलोमीटरांच्या आसपास आणि माथा इतका रुंद की लोक त्यावरून सायकली चालवतात. गाईड तरुणी म्हणाली, ही प्राचीन चांगआनची भिंत. हे अर्धेच खरे. आजचा तट मिंग राजवटीतला, इ. स. १३७० नंतर बांधलेला. तांग काळातील चांगआन सुमारे ८४ चौरस किलोमीटरांवर पसरलेले होते. मिंग तटाने त्यातला मधला लहानसा भाग, म्हणजे मुख्यतः सरकारी कचेऱ्यांचा परिसर, कवेत घेतला. त्यामुळे जो पॅगोडा आज ‘शहराबाहेर, दक्षिणेला’ म्हणून दाखवतात, तो युआन श्वांगच्या काळी शहराच्या आतच होता. इतिहासाच्या सहलीत भिंत दिसते, पण ती कोणत्या शतकाची हे विचारल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडच्या किल्ल्यांवरही निराळे काय होते?

शिलालेखांच्या संग्रहालयाला ‘स्तंभांचे अरण्य’ असे नाव आहे. तिथे ११४ मोठ्या शिळांवर दोन्ही बाजूंनी कन्फ्यूशियस परंपरेचे ग्रंथ कोरलेले आहेत; हे काम इ. स. ८३७ मध्ये पुरे झाले. कारण सरळ होते. हाताने नकला करताना पाठ बिघडतो, मग परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याने कोणता पाठ खरा मानायचा? म्हणून प्रमाण पाठ दगडावर. ज्याला हवा त्याने येऊन ताडून पाहावा.

आप्पा इथे बराच वेळ रेंगाळले. पैठणहून निघालेली नाथांची पालखी आषाढीला अरणहून करकंबला येते, आणि तिथून पंढरीपर्यंत आप्पा दरवर्षी तिच्याबरोबर चालतात. ते म्हणाले, “नाथमहाराजांनी न्हाई का ज्ञानेश्वरी शुद्ध केली? हे त्येच काम हाय.” मुलगा चकित झाला. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, आणि तिच्यात कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. शेकडो वर्षांच्या आणि हजारो मैलांच्या अंतराने दोन समाजांना एकच भीती वाटली होती. गाईडने या खोलीसाठी दिली होती बारा मिनिटे.

जेवणाबद्दल थोडक्यात. मोहल्ल्यातला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे रोटी हाताने बारीक कुस्करून मटणाच्या रश्श्यात घालायची. आप्पा माळकरी. त्यांनी आपली कडक भाकरी काढली आणि त्याच पद्धतीने कुस्करली. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे गृहस्थ हे पाहून खूष झाले व मान डोलावू लागले. रश्श्याचा वाडगा पुढे आला तेव्हा मात्र आप्पांनी हात जोडले.

दुपारी पॅगोडा. त्सिएन विहार इ. स. ६४८ मध्ये युवराजाने दिवंगत आईच्या स्मरणार्थ बांधला आणि युआन श्वांगने भारतातून आणलेल्या पोथ्या ठेवण्यासाठी ६५२ मध्ये हा मनोरा उभा राहिला. आज तो सात मजली, ६४ मीटर उंच आहे; वू सम्राज्ञीच्या काळात, आठव्या शतकाच्या आरंभी त्याची पुनर्बांधणी झाली होती. दक्षिणेच्या दाराशी दोन्ही बाजूंना ६५३ सालच्या शिळा आहेत, एकीवर सम्राटाचा लेख, दुसरीवर त्याच्या मुलाचा. गंमत अशी की एक लेख उजवीकडून डावीकडे वाचायचा आणि दुसरा डावीकडून उजवीकडे, म्हणजे दोन्ही दाराला सामोरे राहतात.

गाईडने आकडे सांगितले : ६४५ मध्ये परतताना ६५७ ग्रंथ, वीस घोड्यांवर लादलेले. आप्पांनी विचारले, “आन् ह्यो स्वतः? चालत?” बराचसा प्रवास घोड्यावरून आणि काही पायी, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी मनोऱ्याला नमस्कार केला.

मुलाने मग गाईडला विचारले, प्रवासवर्णनातील महाराष्ट्राचा भाग ठाऊक आहे का? तिला महाराष्ट्र हे नावच ठाऊक नव्हते. त्याने मोबाइलवर मूळ चिनी अक्षरे काढून दिली. ती अडखळत वाचू लागली : मो-ह-ला-छा. आप्पांनी झटकन मान वर केली. “म्हाराष्ट्र म्हनली का ती?”

या मनोऱ्याने एक गैरसमज सहज होतो. ते वर्णन इथे लिहिले गेलेले नाही. प्रवासवर्णन ६४६ मध्येच पुरे झाले, म्हणजे हा विहार बांधला जाण्यापूर्वी. ते लिहिले गेले शहरातल्याच होंगफू विहारात. युआन श्वांग सांगत होता आणि ब्येन्ची नावाचा शिष्य शब्दबद्ध करत होता. (या ब्येन्चीला पुढे एका राजकन्येशी असलेल्या संबंधांच्या आरोपावरून देहदंड झाला, असे चिनी इतिहासग्रंथ सांगतात. सहलीत हा प्रसंग सांगत नाहीत.) होंगफू विहाराचे नाव कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. शिवाय ग्रंथाची मागणी भिक्षूंची नव्हती, ताइझोंग सम्राटाची होती. पश्चिमेकडची राज्ये, राजे, सैन्य, रस्ते यांची माहिती त्याला हवी होती. महाराष्ट्राच्या वर्णनात विहारांबरोबरच हत्ती, लढवय्ये आणि राजाचा तोरा इतका का आहे, याचे बरेचसे उत्तर या मागणीत आहे.

“आख्खं वाच,” आप्पा म्हणाले. ग्रुपवरच्या ओळींपुढेही काही असते, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

मुलगा भाषांतरावरून सांगू लागला. इथली माणसे उपकार विसरत नाहीत, तसा अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात, मग दोघेही शस्त्र घेऊन भिडतात. शरण आलेल्याला मारत नाहीत. संकटात कुणी मदत मागितली तर स्वतःचे भान विसरून धावतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, बायकांची वस्त्रे देतात, आणि तो लाजेने जीव देतो. राज्याने काही शेकडा वीर पोसलेले. ते दारू पिऊन लढाईला निघतात आणि वाटेत त्यांनी कुणाला ठार केले तरी कायदा त्यांना हात लावत नाही. हत्तींनाही दारू पाजतात. या बळावर राजा शेजाऱ्यांना तुच्छ लेखतो, आणि हर्षाचे सैन्यही त्याला नमवू शकलेले नाही.

वीरांचा मजकूर ग्रुपवर कधी आला नव्हता. तो खोटा ठरवण्याचे कारण नाही आणि केवळ तेवढाच खरा मानण्याचेही नाही. याच परिच्छेदात शंभराहून अधिक विहार, पाच हजार भिक्षू आणि विद्येची आवड यांचाही उल्लेख आहे. स्तुती तेवढी उचलली की परकीय साक्षीदार ‘निःपक्षपाती’ ठरतो, आणि बाकीचे वाचले की ‘त्याला आपले काय कळणार’ असे होते. साक्षीदार मात्र एकच.

आप्पा वीरांविषयी काही बोलले नाहीत. त्यांचे मन अपमानाच्या वाक्यावर अडकले होते. करकंबला त्यांचे आणि चुलत भावाचे बांधावरून अकरा वर्षे बोलणे नव्हते. एका पावसाळ्यात बांध कोरला गेला, चारचौघांत शब्द गेला आणि खटला पंढरपूरच्या कोर्टात पडला. मुलाच्या प्रवेशाच्या वर्षी बँकेचे कर्ज अडले तेव्हा त्याच भावाने आईच्या हाती रक्कम पोचती केली होती, हे आप्पांना माहीत होते आणि घरात कुणी ते उच्चारत नसे.

बऱ्याच वेळाने ते एवढेच म्हणाले, “त्येनं दोन्ही एकाच वळीत लिवलंय?”

“एकाच, आप्पा.”

परत बसकडे जाताना आप्पांनी त्या राजाचे नाव विचारले. दुसरा पुलकेशी. त्याच्या ऐहोळे येथील शिलालेखात, शके ५५६ मध्ये, रविकीर्ती हा कवी तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतील नव्व्याण्णव हजार गावांचा उल्लेख करतो. दरबारी कवी आणि परका भिक्षू यांच्या साक्षी अवघ्या काही वर्षांच्या अंतरावर आहेत. जुन्या महाराष्ट्राविषयी असा योग क्वचितच येतो.

“मग त्या राजाचं फुडं काय झालं?”

मुलाने सांगितले. युआन श्वांग येऊन गेल्यानंतर साधारण वर्षभरात, ६४२ च्या सुमारास, पल्लव नरसिंहवर्म्याने वातापी घेतली आणि पुलकेशीची कारकीर्द तिथेच संपली. चांगआनात ब्येन्चीची लेखणी त्या मजकुरापाशी आली तेव्हा या घटनेला चार वर्षे झाली होती. ग्रंथात तो राजा अजून जिंकतोच आहे, हत्ती अजून दारू पिऊन उभे आहेत.

“त्याला कुनी कळवलंच न्हाई म्हना की,” आप्पा म्हणाले. गाईडने माणसे मोजली, बस सुरू झाली. आप्पांनी मुलाकडून मोबाइल मागून घेतला आणि करकंबला आता किती वाजले असतील, ते विचारले.