झाकणाआडची कारागिरी

कारागिरीचे आम्ही आमच्यापुरते दोन वर्ग पाडले आहेत : एक उघड्यावरची आणि दुसरी झाकणाआडची. शिंप्याने सदऱ्याची बाही दोन बोटे आखूड केली तर ती आरशासमोर उभे राहताक्षणी दिसते. गवंड्याने भिंत वाकडी बांधली तर शेजारीपाजारी न विचारता ते सांगावयास येतात. परंतु ज्याचे काम पुरे होताच त्यावर झाकण बसते आणि झाकणावरचे बोल्ट आवळले जातात, त्या कारागिरास आपण जे पैसे मोजतो ते कामाचे नव्हेत. काम नीट झाले आहे या त्याच्या शब्दाचे ते मोल होय. घड्याळजी, दात भरणारा वैद्य, विहिरीत पंप सोडणारा आणि मोटारसायकलचा मेस्त्री ही सर्व मंडळी या दुसऱ्या वर्गातली. यांपैकी शेवटच्याशी नुकताच आमचा जो प्रसंग पडला, त्याची हकीकत वाचकांस सांगावी असे वाटते. कारण वाहन ज्यांच्या घरी नाही अशी घरे आता फार थोडी उरली आहेत.

आमच्यापाशी १९८६ सालची एक बुलेट आहे. इंग्लंडातील रेडिच येथल्या रॉयल एन्फिल्ड कंपनीने 'बुलेट' हे नाव १९३२ साली प्रथम वापरले. १९५५ साली मद्रासेत तिच्या सहकार्याने कारखाना निघाला, आणि पुढे १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद झाला तरी मद्रासेतली घडण चालूच राहिली. आई निवर्तल्यावर मुलीने संसार चालवावा तसा हा प्रकार. आमच्या गाडीस सिलिंडर एकच. त्याचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची फेरी ९० मिलिमीटर, धारणा ३४६ घन सेंटिमीटर. व्यासाहून फेरी इतकी लांब असल्यामुळे तिची चाल सावकाश, ठाय लयीतली. ज्यांस द्रुत गत आवडते त्यांनी या वाहनाच्या वाटेस जाऊ नये.

२०२२ सालचा पावसाळा सरला आणि ही गाडी तेल पिऊ लागली. मागे निळसर धूर दिसू लागला, चढावर दम लागू लागला. पुण्यात आमच्या नित्याच्या रस्त्यावर एक गॅरेज आहे. तेथील मेस्त्रींशी आमचा अकरा वर्षांचा परिचय. त्यांनी दोन किका मारल्या, धुराकडे पाहिले आणि निदान सांगितले, "साहेब, हाफ इंजिन करावं लागेल." हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. इंजिनाचे वरचे अर्धे, म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्ह, एवढे उघडून नीट करणे याचे नाव हाफ इंजिन; खालच्या क्रँकपर्यंत हात घातला म्हणजे ते फुल इंजिन. ब्लॉक लेथवर जाऊन बोअर होऊन आला, नाना पेठेतून ओव्हरसाइज पिस्टन आला, व्हॉल्व्ह घासले गेले. चौदा दिवसांनी गाडी तयार झाली. मेस्त्रींनी टाकीपुढे उदबत्ती ओवाळली, आम्ही ९,४०० रुपये मोजले, आणि पहिले पाचशे किलोमीटर चाळिसाच्या वर न जाण्याची आज्ञा शिरसावंद्य मानून घरी आलो. त्या दिवसांत सायकलवरची शाळकरी मुले आम्हांस मागे टाकीत आणि वर वळून पाहत. तेही आम्ही सोशिले.

दोनशे बारा किलोमीटरांवर इंजिनातून एक कोरडी खरखर येऊ लागली. ती पिस्टनच्या फेरीबरोबर वाढे आणि फेरीबरोबरच उतरे. मेस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून ऐकले, आणि म्हणाले, "टॅपेट आहे. नवीन कामात आवाज येतोच." त्यांनी टॅपेट आवळले. आता या जुन्या बुलेटच्या टॅपेटांचा नियम अगदी साधा आहे : इंजिन थंड असता ढकलदांडी दोन बोटांनी फिरली पाहिजे, मात्र वरखाली हलता कामा नये. त्याहून अधिक आवळले तर आवाज खचित कमी होतो. परंतु व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि काही काळाने जळून जातो. रडणाऱ्या मुलास अफूची बाळगोळी चाटवून निजविण्याची जी एक रीत पूर्वी होती, तिचीच ही यांत्रिक आवृत्ती म्हणावयाची. घरात शांतता होते, पण मुलाचे पोट दुखावयाचे थांबत नाही.

आमच्या गाडीची शांतता चार किलोमीटर टिकली. संध्याकाळपर्यंत किकेतला जोरच नाहीसा झाला. पाय लोण्यात जावा तसा खाली जाऊ लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी टेम्पोत घालून एका वयोवृद्ध मेस्त्रींकडे नेली. जुन्या बुलेटांच्या बाबतीत यांचा शब्द अखेरचा मानतात. त्यांनी सर्व ऐकून घेतले, फिन्यांवरून हात फिरविला, परंतु पाना उचलला नाही. "मी एका बोल्टला पाना लावला की ते काम माझं झालं," ते म्हणाले. "मग तो म्हणणार, त्या म्हाताऱ्यानं बिघडवलं. जिथं बांधलं तिथंच उघडा, आणि उघडताना समोर उभे राहा." कायद्याची चार पुस्तके वाचून पुराव्याचे जे तत्त्व इतके स्वच्छ कळत नाही, ते या गृहस्थांनी तेलकट स्टुलावर बसून दोन वाक्यांत सांगितले. टेम्पोचे भाडे दुप्पट झाले, पण त्याचे आम्हांस वाईट वाटले नाही.

त्याच गॅरेजात, आमच्यासमोर, इंजिन उघडले गेले. टाकी उतरली, हेड निघाले, ब्लॉक वर उचलला गेला. ब्लॉकच्या डाव्या अंगास आतून एक उभी खोबण पडली होती. बोटाचे नख तीत सहज बसे. लांबी पिस्टनच्या फेरीएवढी. तिचे कारण शोधावे लागले नाही. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारी जी पोलादी गजनपिन, ती दोन्ही बाजूंनी सरकू नये म्हणून पिस्टनच्या खाचांत तारेची दोन कडी बसवितात. मेस्त्री लोक त्यांस लॉक म्हणतात. पिस्टन नवा घातला की लॉकही नवी घालावयाची, कारण एकदा काढलेल्या कड्याचा ताण गेलेला असतो. उजवे लॉक जागेवर होते. डावे नव्हते. ते निसटून तुटले असावे असे मेस्त्री म्हणाले. तेव्हा आम्ही खालचे तेल फडक्यातून गाळावयास सांगितले. फडक्यावर लोखंडाचा चमकता कीस भरपूर उरला. तारेचा तुकडा मात्र एकही मिळाला नाही. शिवाय जे कडे खाचेतून जबरीने निसटते ते जाताना काठ कुरतडून जाते, आणि ही खाच तर नव्या पेटीसारखी स्वच्छ होती. लॉक निसटले नव्हते. ते बसविलेच गेले नव्हते. किंमत म्हणाल तर गॅरेजात बसून घेतलेल्या चहाहून फारशी अधिक नसेल.

इथवरचा भाग यंत्राचा झाला. खरी अडचण यापुढे आली.

गॅरेजात एकोणीस वर्षांचा एक मुलगा काम करतो. मेस्त्री त्याच्याकडे वळून म्हणाले, "पिस्टन तू चढवलास ना?" मुलगा काही बोलला नाही. हातातला पिस्टन रॉकेलच्या ताटलीत बुचकळून तो पुसू लागला. तो स्वच्छ झाला तरी पुसतच राहिला. मेस्त्री आमच्याकडे पाहून मोठ्या औदार्याने म्हणाले, "साहेब, तुमचा पैसा बुडू देणार नाही. याच्या पगारातून कापून देतो." मुलाचा महिन्याचा पगार किती, हे आम्ही विचारले. तो आमच्या बिलाहून चारशे रुपयांनी कमी होता.

वाचकहो, आपला पैसा परत मिळण्याची वाट इतकी सोपी असताना तिच्यावर पाऊल टाकवत नाही, असा प्रसंग क्वचितच येतो. पैसा आमचा होता आणि काम बिघडले होते, यात शंका नाही. परंतु ९,४०० रुपये आम्ही त्या मुलाच्या हाती दिले नव्हते. निदान त्याने केले नव्हते, उदबत्ती त्याने ओवाळली नव्हती, आणि "नवीन कामात आवाज येतोच" हे वाक्यही त्याचे नव्हते. ज्याने शब्द दिला त्याने तो चुकल्याचे ओझे ज्याला शब्दच नाही त्याच्या पाठीवर टाकावे, आणि आम्ही समाधानाने पैसे मोजून घ्यावे! हे आमच्याने होईना. काही मित्रांनी पुढे यास भाबडेपणा म्हटले. म्हणोत.

हा प्रश्न नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा, जे १९०९ साली शामशास्त्री यांनी छापून पुन्हा उजेडात आणले, 'कण्टकशोधन' नामक चौथा भाग सुरू होतो तोच मुळी कारागिरांपासून लोकांचे रक्षण कसे करावे या विषयाने. काम सांगितल्याहून वेगळे केले तर मजुरी बुडते आणि वर तिच्या दुप्पट दंड. वेळ टाळली तर मजुरीचा चौथा हिस्सा जातो आणि त्या हिश्श्याच्या दुप्पट दंड बसतो. आमच्या चौदा दिवसांचा हिशेब या मापाने करावयाचा झाल्यास शहरातील निम्मी गॅरेजे बंद पडतील. परंतु आम्हांस महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. लोकांची वस्तू ठेव म्हणून कोणी घ्यावी, तर भरपाईची ज्याची ऐपत आहे आणि कारागिरांवर ज्याची हुकमत चालते त्याने, अशी तेथे योजना आहे. इतकेच नव्हे, तर आपत्ती ओढवल्यास त्या ठेवीचा भार संबंध श्रेणीवर टाकला आहे. ठेव घेणारा हात आणि काम करणारा हात वेगळे असू शकतात, हे त्या कठोर पुरुषाने पुरते ओळखले होते.

आपल्या खेड्यांतील बलुतेदारीने याच गाठीचा उलगडा निराळ्या तऱ्हेने केला होता. लोहारास नांगराच्या फाळामागे मजुरी मिळत नसे. वर्षाचे धान्य ठरलेले असे. फाळ पुन्हा मोडला तर त्यालाच पुन्हा भाता फुंकावा लागे, आणि वर दाणा अधिक मिळत नसे; तेव्हा काम टिकाऊ करण्यात त्याचाच लाभ होता. हे सुवर्णयुग होते असे मात्र कोणी समजू नये. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात त्या व्यवस्थेची जी उलटी बाजू दाखविली आहे, ती वाचल्यावर कोणाही शहाण्या माणसास ती परत यावी असे वाटणार नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की आज कामागणिक पैसे देताना टिकाऊपणाची ती हमी आपण कोठे ठेवली याचा पत्ता नाही.

अगदीच नाही म्हणावे तर कायद्यात ती आहे. १८७२ च्या करार-कायद्याप्रमाणे दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यावयाची असते. मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क कारागिरास त्याच कायद्याने दिला आहे, पण तो ठरल्याप्रमाणे काम केले असेल तर. ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा जाऊन त्याजागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. त्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही पडत नाही. या सर्वांत गाऱ्हाणे चालते ते गॅरेजवर, पोऱ्यावर नव्हे.

आम्ही आयोगाकडे गेलो नाही. एका कागदावर तारीख, बिलाचा आकडा, गाडी किती किलोमीटर चालली, काय सापडले, आणि भरपाई गॅरेजने करावी, नोकराच्या पगारातून नव्हे, एवढे लिहिले. खोबणीचे व रिकाम्या खाचेचे छायाचित्र जोडले आणि मेस्त्रींच्या हाती दिले. ते फार दुखावले. "अकरा वर्षांची ओळख, आणि कागद देता, साहेब?" आम्ही म्हटले, "मेस्त्री, ओळख आहे म्हणून हाती देतो. नसती तर टपालाने पाठविला असता."

तीन दिवस ते बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. खोबण इतकी खोल होती की पुढच्या मापाच्या बोअरनेही ती निघती ना. तेव्हा ब्लॉकमध्ये नवी स्लीव्ह घालून मूळ मापाचा पिस्टन बसवावा असे ठरले. स्लीव्ह, लेथ आणि मजुरी त्यांची. पिस्टनची निम्मी किंमत आमची. ती निम्मी आम्ही का द्यावी याचे सयुक्तिक कारण कोणी विचारील तर आमच्यापाशी नाही. अकरा वर्षांचे कारण आहे. पगार कापला जाणार नाही हे मेस्त्री तोंडाने म्हणाले आणि मुलाच्या समोर म्हणाले. पहिल्या तारखेस आम्ही त्यालाच विचारून घेतले. कापला नव्हता.

इंजिन बांधावयाच्या दिवशी आम्ही हजर होतो. पिस्टन चढवून झाल्यावर ब्लॉक खाली येण्यापूर्वी मुलगा थांबला आणि "काका, बघा," म्हणून त्याने बॅटरीचा उजेड आधी उजवीकडे धरला, मग डावीकडे. मेस्त्रींनी मागून वाकून दोन्ही कडी बोटाने चाचपली आणि मग ब्लॉक बसवावयास सांगितले. संध्याकाळी त्यांनी पावती लिहिली. तीत 'लॉक, नवीन, नग २' अशी एक ओळ होती आणि रकमेच्या रकान्यात पूज्य.