शोकाला आकार

शोकांतिकेचा प्रेक्षकावर काय परिणाम होतो हे सांगताना ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या सहाव्या प्रकरणात दोन भावनांची नावे घेतली आहेत: करुणा आणि भीती. गंभीर, स्वयंपूर्ण आणि पुरेसा विस्तार असलेल्या कृतीचे अनुकरण म्हणजे शोकांतिका. ती या दोन भावना जागवते आणि त्यांच्याच द्वारे अशा भावनांचे विरेचन (कॅथार्सिस) साधते, असे त्याच्या व्याख्येचे सार आहे. विरेचनाची संकल्पना त्याने ‘राज्यशास्त्र’ या ग्रंथातही संगीताच्या संदर्भात वापरली आणि तिचा अधिक खुलासा काव्याच्या विवेचनात करण्याचे आश्वासन दिले. आज हाती असलेल्या ‘काव्यशास्त्रा’त तो खुलासा सापडत नाही. त्यामुळे व्याख्येतल्या त्या लहानशा अंशावर शतकानुशतके भाष्ये होत राहिली. नाटक करणाऱ्यांपुढचा प्रश्न मात्र अगदी थेट असतो. दुसऱ्याचे दुःख दोन-तीन तास पाहिल्यावर माणूस खचत का नाही, उलट अधिक स्थिर मनाने प्रेक्षागृहाबाहेर कसा पडतो आणि हे घडावे म्हणून लेखकाने, दिग्दर्शकाने, नटाने नेमके काय करायचे?

या प्रश्नाची सुरुवात ॲरिस्टॉटलचा गुरू प्लेटो याच्यापासून होते. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात प्लेटोने शोकांतिकेवर गंभीर आरोप केला. स्वतःवर संकट आले की जो शोक विचारी माणूस आवरून धरतो, तोच शोक रंगभूमीवर मोकळा सोडला जातो आणि प्रेक्षक त्याचे कौतुक करतो. परक्याच्या दुःखात वाहून जाण्याची सवय लागली की स्वतःच्या दुःखातही संयम उरत नाही. ज्या भावना कोरड्या पडू द्यायच्या, त्यांना काव्य पाणी घालते, असे त्याचे म्हणणे होते. विरेचनाची कल्पना या आरोपाचे उत्तर मानली जाते: शोकांतिका भावना नुसती चेतवून सोडून देत नाही, तिला शेवटापर्यंत नेते.

शेवटापर्यंत नेते म्हणजे काय करते, याबद्दल तीन मुख्य मते आहेत. पहिले मत वैद्यकाच्या अंगाने जाते. जर्मन पंडित याकोब बर्नाइस याने 1857 मध्ये ते जोरकसपणे मांडले. साचलेल्या भावनांना नाटक वाट करून देते आणि मन हलके होते, असा त्याचा आशय. पुढे ब्रॉयर आणि फ्रॉईड यांनी 1895 च्या उन्मादविषयक ग्रंथात आपल्या उपचारपद्धतीला याच संकल्पनेचे नाव दिले. दुसरे मत नैतिक शुद्धीचे. जर्मन नाटककार लेसिंगने अठराव्या शतकात हाम्बुर्गच्या रंगभूमीवर लिहिताना म्हटले की, शोकांतिका करुणेचा अतिरेक आणि अभाव दोन्ही घालवून तिला योग्य मापात आणते. तिसरे मत विसाव्या शतकात लिऑन गोल्डन यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे आणले. त्यांच्या मते शोकांतिका भावनेला समजुतीचा उजेड देते. जे भयंकर वाटत होते ते का आणि कसे घडले हे प्रेक्षकाला उमगते. ही मते एकमेकांना छेद देत असली, तरी रंगभूमीवरचा अनुभव तिन्हींना जागा देतो. मोकळे होणे, मापात येणे आणि उमगणे या एकाच प्रवासातल्या अवस्था असू शकतात. त्या प्रवासाला वाट लागते, आणि ती वाट नाटकाच्या बांधणीतून तयार होते.

बांधणी नसली तर काय होते, याचे सर्वांत जुने उदाहरण अथेन्सचेच आहे. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचे मिलेटस हे अथेन्सशी नात्याने बांधलेले ग्रीक शहर इराण्यांनी इ.स.पू. 494 मध्ये जिंकून उद्ध्वस्त केले. त्यानंतर लवकरच फ्रिनिकस या नाटककाराने त्या पाडावावर नाटक रचले. हेरोडोटसने नोंदवले आहे की सारे प्रेक्षागृह रडू लागले. आणि अथेन्सवासीयांनी नाटककाराला स्वतःच्या घरच्या दुःखाची आठवण करून दिल्याबद्दल एक हजार द्राख्मांचा दंड केला, शिवाय ते नाटक पुन्हा कुणी करू नये असा हुकूम काढला. केवळ अश्रू हेच शोकांतिकेचे यश असते, तर हा प्रयोग ग्रीक रंगभूमीवरचा सर्वांत मोठा विजय ठरला असता. जखम अजून ओली होती आणि नाटकाने तिच्यावरच बोट ठेवले.

इ.स.पू. 472 मध्ये एस्किलसने ‘पर्शियन्स’ लिहिले. तोही ताज्या इतिहासावरचाच विषय होता: आठ वर्षांपूर्वी इराण्यांना हरवलेली सालामिसची आरमारी लढाई. एस्किलस स्वतः मॅरेथॉनच्या रणांगणावर लढला होता आणि त्याचा भाऊ तिथेच पडला होता. तरीही त्याने नाटक अथेन्समध्ये घडवले नाही. ते शत्रूच्या राजधानीत, सूसा येथे घडवले. तिथे एक राजमाता मुलाची वाट पाहते आहे, वृद्धांचा कोरस चिंतेत आहे, दूत येऊन पराभवाचे वर्णन करतो, मेलेल्या दारियस राजाचे भूत कबरीतून उठून मुलाच्या उद्दामपणाचे फळ सांगते आणि शेवटी फाटक्या वस्त्रांत तो मुलगा, झर्क्सीस, येतो. विजयी अथेन्स हरलेल्यांचा आक्रोश ऐकत बसले. हे नाटक ज्या नाट्यसंचात होते त्याला पहिले पारितोषिक मिळाले. शोक खरा होता, पण तो पाहायला पुरेसे अंतर होते, आणि त्या अंतरावरूनच प्रेक्षकाला गर्वाची गती सर्वांसाठी सारखीच असते हे दिसू शकले. शोकांतिकेच्या कारागिरीचे पहिले सूत्र इथे सापडते: दुःख जवळ आणायचे, पण इतके नाही की त्याच्याकडे पाहणेच अशक्य व्हावे.

ग्रीक रंगभूमीचे जवळजवळ प्रत्येक साधन हे अंतर सांभाळण्यासाठी उपयोगी पडत होते. नट मुखवटे घालत. कोरस गात, नाचत प्रत्येक आघातानंतर प्रेक्षकाला विचार करायला अवधी देई. बहुतेक हत्या आणि आत्महत्या दृष्टीआड होत. दूत येऊन त्या सांगे. डोळ्यांसमोरचे रक्त दचकवते, तर ऐकलेले मरण मनात हळूहळू उभे राहते. प्रयोग उघड्यावर, दिवसाउजेडी होत, त्यामुळे हजारो नागरिकांना नाटकाबरोबर एकमेकांचे चेहरेही दिसत. शोक एकट्याचा राहत नसे.

सोफोक्लीसचे ‘ईडिपस राजा’ हे ॲरिस्टॉटलचे आवडते उदाहरण. डोळ्यांनी न पाहताही नुसते कथानक ऐकून अंगावर शहारा यावा, ही त्याची कसोटी होती आणि ती लावताना त्याने हेच नाटक पुढे केले. करुणा वाटते ती नाहक वाट्याला आलेल्या दुःखाबद्दल, आणि भीती वाटते ती आपल्यासारख्याच माणसाच्या दुःखाबद्दल. म्हणून नायक ना निखालस दुष्ट असावा, ना सर्वगुणसंपन्न. त्याच्या हातून एक प्रमाद व्हावा आणि त्यातून अनर्थ ओढवावा. ईडिपस तसाच आहे. थीब्जवर रोगराई आली आहे आणि राजा लायसचा मारेकरी शोधल्याखेरीज ती टळणार नाही. प्रजेचे दुःख पाहून तो तपास हाती घेतो. त्याचा कळवळा, त्याची हुशारी आणि त्याचा हट्ट त्याला एकेक पाऊल सत्याकडे नेतात. ज्या गुणांमुळे तो राजा शोभतो, त्याच गुणांनी त्याचा नाश होतो.

नाटकाची वीण इथे सर्वांत घट्ट आहे. त्याची राणी योकास्टा त्याची चिंता घालवण्यासाठी सांगते की लायसला तीन रस्ते मिळतात त्या ठिकाणी लुटारूंनी मारले. आणि त्या एका तपशिलाने, तशाच जागी आपल्या हातून झालेली हत्या आठवून, ईडिपसच्या मनात पहिली धास्ती शिरते. कॉरिंथहून आलेला दूत आनंदाची बातमी आणतो की त्याचा पिता वारला आणि राज्य त्याचे झाले. तो पित्याला मारील आणि आईशी लग्न करील या भाकितातला पहिला भाग खोटा ठरला म्हणून ईडिपस सुटकेचा श्वास घेतो. आईबद्दलची उरलेली भीती दूर करण्यासाठी दूत सांगतो की तो त्या घराण्याचा मुलगाच नव्हे. दिलासा म्हणून उच्चारलेले प्रत्येक वाक्य घाव होऊन उलटते. या स्थित्यंतराचा दाखला ॲरिस्टॉटलनेच दिला आहे, आणि ज्या क्षणी फासे उलटतात त्याच क्षणी ओळख पटते हे त्याला सर्वोत्तम वाटले. लायसचा मुलगा आणि मारेकरी ईडिपसच आहे हे सत्य योकास्टाला त्याच्या आधी कळते. ती त्याला थांबण्याची विनवणी करते आणि आत निघून जाते. प्रेक्षकाला तर सारे आधीपासून ठाऊक असते. त्याला उत्सुकता निकालाची नसते. तो प्रत्येक पावलावर या माणसाने इथेच थांबावे अशी इच्छा करतो आणि थांबणे शक्य नाही हेही त्याला कळते. करुणा आणि भीती एकाच वेळी ताणल्या जातात त्या याच जागी.

खरी परीक्षा यानंतरची असते. योकास्टाने गळफास घेतला, ईडिपसने तिच्याच वस्त्रांवरच्या टाचण्यांनी डोळे फोडून घेतले, हे दूत सांगतो. कमी कुवतीच्या लेखकाने इथे पडदा टाकला असता. सोफोक्लीस नाटक पुढे चालू ठेवतो. आंधळा राजा कोरसशी बोलतो, योकास्टाचा भाऊ क्रेऑन याच्याकडे हद्दपारी मागतो, दोन लहान मुलींना जवळ घेतो, त्यांच्या भवितव्यासाठी झुरतो. आघातानंतरच्या या सावकाश भागात भीती ओसरते आणि करुणेला तिचे खरे पात्र मिळते. शोकांतिका बसवणाऱ्या दिग्दर्शकाला हा भाग कापण्याचा मोह होतो, कारण घडायचे ते सगळे घडून गेलेले असते. पण विरेचन घडते ते याच भागात. आघातावरच थांबलेले नाटक प्रेक्षकाला फक्त हादरवून घरी पाठवते.

भारतीय नाट्यविचार दुसऱ्या मार्गाने याच ठिकाणी पोचला. भरताच्या नाट्यशास्त्रात शोक हा स्थायीभाव आणि करुण हा रस यांत स्पष्ट भेद आहे; पहिला सोसायचा, दुसरा आस्वादायचा. हे रूपांतर समजावताना भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली: रंगभूमीवरचा शोक ना नटाचा राहतो, ना प्रेक्षकाचा, तो कुणाही माणसाचा होतो. अभिनवगुप्ताने हा विचार आपल्या पद्धतीने पुढे नेला. मराठीत न. चिं. केळकर यांनी 1921 च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात ‘सविकल्प समाधी’चा सिद्धांत मांडला: रसिक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, पण स्वतःचे भान सोडत नाही. मिलेटसच्या नाटकापाशी अथेन्सवासीयांचे हरवले ते नेमके हेच भान.

मराठी रंगभूमीवरच्या मोठ्या शोकांतिका या कसोटीला उतरतात. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर 1919 मध्ये रंगभूमीवर आले. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. अपमानाच्या क्षणी घेतलेल्या दारूच्या प्याल्यापासून त्याची घसरण सुरू होते. दारुड्या तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाचे विनोदी प्रवेश प्रेक्षकाला श्वास घेऊ देतात, आणि हसून सैल झालेल्या मनावर पुढचा आघात अधिक खोल जातो. बालगंधर्वांनी साकारलेल्या, सुधाकराची पत्नी सिंधू हिची पदे त्या शोकाला सुरांची चौकट देतात. रागदारीच्या शिस्तीतून आलेला विलाप ऐकणाऱ्याला कोसळू देत नाही. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग 1970 मध्ये झाला. ‘किंग लिअर’शी नाते सांगणाऱ्या या नाटकातही गणपतराव बेलवलकर आपल्या हाताने सर्वस्व मुलांना देऊन टाकतात, दुःखाचे मूळ त्यांच्या विश्वासात आहे. त्यांची स्वगते व्यथेला काव्याची उंची देतात, त्यामुळे घराबाहेर पडलेल्या एका म्हाताऱ्याची कथा साऱ्या वार्धक्याची होते.

नटाच्या बाबतीत याचा अर्थ तालमीतच कळतो. दुःखाच्या प्रवेशात नट आधी रडला की प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. पात्राने हुंदका दाबला, वाक्य पुरे करण्याची धडपड केली, तर ते पुरे करण्याचे काम प्रेक्षकाचे मन हाती घेते. नटाने भावनेत वाहून जाऊ नये हे फ्रेंच विचारवंत दीदरोने अठराव्या शतकातच आग्रहाने मांडले होते. पार्श्वसंगीताने भावना आधीच जाहीर केली, आवाज सतत वरच्या पट्टीत राहिला, टाळीसाठी वाक्य फेकले, तर अश्रू येतात आणि ओसरूनही जातात. शांततेच्या जागा राखल्या, आघाताआधी आशा खरी वाटू दिली, तर तोच प्रवेश मनात मुरतो.

विरेचनाच्या विरोधकांचे म्हणणेही कारागिराने ऐकायला हवे. जर्मन नाटककार ब्रेश्टला वाटे की नायकाशी समरस झालेला प्रेक्षक बदलता येण्याजोगे अन्याय अटळ मानून स्वीकारतो. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी ॲरिस्टॉटलच्या शोकांतिकेला दडपशाहीचे यंत्र म्हटले, कारण ती असंतोषाची वाफ काढून टाकते. सुधाकराला व्यसनात ढकलणारा किंवा बेलवलकरांना घराबाहेर काढणारा समाज जर नियतीच्या नावाखाली लपला, तर हा आक्षेप रास्त ठरतो. त्यावरचा उपाय नाटकातच आहे. चांगली शोकांतिका कार्यकारणाची साखळी लख्ख दाखवते. कुठल्या वळणावर कुणी काय निवडले हे प्रेक्षकाला दिसते. अटळता ईडिपसच्या कथेत आहे, पण चौकशीचा प्रत्येक निर्णय त्याचा स्वतःचा आहे.

म्हणून शोकांतिकेचे मोल अश्रूंच्या मापाने ठरत नाही. सोसता येईल इतके अंतर, आपल्यासारखाच प्रमादशील माणूस, कारणांची अखंड साखळी, आघातानंतरचा अवधी आणि नटाचा संयम या पाच गोष्टी जुळल्या की करुणा आणि भीती आपला मार्ग पुरा करतात. मोकळे होणे, मापात येणे आणि उमगणे हे तिन्ही त्यातून साधते. प्लेटोच्या आरोपाला नाटक करणाऱ्यांनी प्रत्येक प्रयोगात द्यायचे उत्तर हेच आहे.